इसार म्हणजे कमाई नव्हे

त्या वर्षी बँकेच्या वार्षिक अहवालाची प्रुफं प्रेसच्या माणसाबरोबर आली नाहीत. बँकेच्या हिशेब विभागातली एक मुलगीच ती स्कूटरवर घेऊन आली. तीसेक वर्षांची असेल. हेल्मेट हातात धरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, यातलं एक पान तपासायचं नाहीये. ते लिहायचंय."

महापालिकेच्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर रिकामं बसवेना, म्हणून मुद्रितशोधनाची कामं घेऊ लागले. दिवाळी अंक, स्मरणिका, कुणाची एकसष्टी आणि दर जुलैत आमच्या भागातल्या एका छोट्या सहकारी बँकेचा अहवाल. अहवाल मी तपासत असे, पण वाचत नसे. 'तरतूद' दीर्घ, 'तरतुदी' ऱ्हस्व, एवढं बघितलं की माझं काम संपलं. आकड्यांकडे मी शेजारच्याच्या खिडकीकडे बघावं तसं, म्हणजे न बघता, बघून घ्यायची.

मुलीनं टेबलावर नफा-तोटा पत्रक उलगडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'कमिशन, विनिमय व दलाली.' पुढे एकच आकडा.

"ही ओळ तुम्ही किती वर्षं तपासताय?"

"सात."

"यात काय काय असतं, माहितीये?"

मी नाही म्हणाले. ती हसली. "सभासदांनाही माहीत नाही. लॉकरचं भाडं, कर्जाच्या अर्जाची फी, विम्याचं कमिशन, चेकबुकाचे पैसे, मेसेजचे पैसे. लोकांच्या खात्यातून आम्ही जे जे कापतो ते सगळं या एका ओळीत बसवलेलं असतं. या वर्षी मला ते सुटं करून दाखवायचंय, शेजारी मागच्या वर्षीचे आकडेही. आणि कुठले पैसे आम्ही कधी आपले मानतो, हेही लिहायचंय. इंग्रजीत मी लिहिलंय. मराठीत मला जमत नाही, म्हणजे जमतं, पण वाचवत नाही."

हे तिला का सुचलं, तेही तिनं सांगितलं. मे महिन्यात एक निवृत्त गृहस्थ लॉकर बंद करायला आले होते. वर्षाचं भाडं त्यांनी डिसेंबरातच भरलं होतं. राहिलेल्या सहा महिन्यांचं भाडं नियमाप्रमाणे त्यांना परत मिळालं. पण बँकेनं ते सगळं भाडं डिसेंबरातच कमाई म्हणून लिहून टाकलं होतं, मार्चअखेरीला त्याचा नफाही मोजून झाला होता. "म्हणजे त्यांची वस्तू ज्या महिन्यांत आम्ही सांभाळलीच नाही, त्या महिन्यांची कमाई आम्ही आधीच खाऊन बसलो होतो," ती म्हणाली. "एकच माणूस होता म्हणून निभावलं. पण पद्धत चुकीचीच ना?"

ऑडिटरशी बोलून तिनं पद्धत बदलून घेतली होती. आता डिसेंबरात आलेल्या वार्षिक भाड्यातले मार्चपर्यंतचे चार महिने या वर्षाचे आणि उरलेले आठ पुढच्या वर्षाचे. हे सभासदांना समजेल असं सांगायचं होतं.

मी तिला दोन दिवसांनी ये म्हटलं.

ते दोन दिवस मी जी मराठी लिहिली, ती आज वाचली तर माझेच विद्यार्थी मला बाकावर उभं करतील. 'ग्राहकांकडून आगाऊ प्राप्त झालेल्या शुल्काची महसूल म्हणून मान्यता संबंधित कालावधीच्या प्रमाणात करण्यात येते.' व्याकरण बिनचूक होतं. मी ते ह्यांना वाचून दाखवलं. हे एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन आता बाल्कनीतल्या कुंड्यांवर राज्य करतात. हातातली झारी खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "महसूल म्हणजे तलाठ्याचं काही आहे का?"

मी 'महसूल' खोडला. 'उत्पन्नाची ओळख' लिहिलं. ते तर आणखी विचित्र झालं. जणू उत्पन्न रस्त्यात भेटलं आणि आपण त्याला नमस्कार केला.

मुलगी आली तेव्हा मी कागद तिच्यापुढे सरकवला आणि सरळ सांगितलं, "हे मलाच कळत नाही. तू मला सांग. बँक सोड, तुझ्या घरचं सांग. तुझे वडील काय करतात?"

"येवल्याला पैठणी विणतात."

"मग साडीची ऑर्डर आली की पैसे आधी घेतात?"

"थोडे घेतात. इसार." आणि ती बोलायला लागली. तिच्या घरी इसाराच्या पैशाला कुणी हात लावायचा नाही, असा वडिलांचा नियम होता. आईला किराण्याला पैसे कमी पडले तरी ते म्हणायचे, साडी अजून मागावर आहे, पैसे गिऱ्हाईकाचे आहेत. मग रोज संध्याकाळी माग थांबवला की ते विणलेलं कापड वितीनं मोजायचे. जितकं विणून झालं तितके पैसे बाजूला काढून आईच्या हातावर ठेवायचे. "आम्ही पोरी वाट बघत बसायचो. पप्पा, आज किती वीत झालं? पदराची नक्षी असली की दिवसाकाठी फार थोडं विणलं जायचं. त्या दिवसांत घरात भाजी पातळ."

मी टेबलावर ठेवलेलं पेन उचललं. "इसार," मी म्हटलं. "तुझा शब्द तुझ्याच घरात होता की."

ती खुर्चीत मागे रेलून हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "चार वर्षं सीएच्या परीक्षा दिल्या मी, बाई. हे मला पप्पांनी पाचवीत शिकवलं होतं आणि माझ्या लक्षात नाही आलं."

त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून ते पान लिहिलं. शिकवत होते त्या वर्षांतही एखाद्या वाक्यानं मला इतका आनंद दिल्याचं आठवत नाही. 'लॉकरचे वर्षाचे भाडे सभासद आधी भरतात. तो इसार असतो. जसजसा एकेक महिना बँक लॉकर सांभाळते, तसतसे त्या महिन्याचे भाडे बँकेची कमाई होते. मार्चअखेर जे महिने उरतात, त्यांचे भाडे बँकेचे नसून सभासदांचे देणे म्हणून दाखवले आहे.' चेकबुकाचे पैसे चेकबुक हातात दिलं की कमावले. विम्याचं कमिशन वेगळ्या ओळीत, कारण विमा कंपनीचा, बँक फक्त मध्यस्थ, आणि त्यात बँकेला काय मिळतं हे विमा घेणाऱ्याला दिसलं पाहिजे. खात्यातून कापलेल्या रकमेतला जीएसटी सरकारचा, तो कमाईत धरायचाच नाही. एकेक वाक्य झालं की ती म्हणायची, "हे ऑडिटरला चालेल," आणि मी म्हणायची, "हे आमच्या ह्यांना चालेल." दोन्हीकडून पास झालं तरच वाक्य ठेवायचं, असं ठरलं. ह्यांनी तीन वाक्यं नापास केली.

पण हे तर घरातले झाले. खरा वाचणारा सभासद हवा होता.

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, बुद्धविहाराच्या अलीकडे, एक ताई फुलं विकायला बसतात. मखमलाबादच्या पुढे त्यांचं दोन बिघे रान आहे. झेंडू, निशिगंध आणि कडेनं मेथी-कोथिंबीर. पौर्णिमेला वंदनेसाठी आम्ही सगळ्या बायका पांढरी फुलं त्यांच्याकडूनच घेतो. त्या या बँकेच्या सभासद आहेत, हे मला ठाऊक होतं, कारण बँकेच्या सभेत मिळालेला स्टीलचा डबा त्या गल्ला म्हणून वापरत. पौर्णिमेच्या सकाळी मी निशिगंध घेतला आणि गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा कागद काढून त्यांना वाचून दाखवला.

त्या हार ओवत ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "बराबर हाय की. लगनाच्या हाराचा इसार घेते मी. हार पोचला नाय तर पैसा परत द्यावा लागतो. त्याचं मी कधी बियाणं आणत नाय."

"म्हणजे सगळं कळलं?"

"कळलं. पण एक सांगा बाई." त्यांनी सुई फुलात तशीच ठेवली आणि पिशवीतून पासबुक काढलं. "हे सतरा रुपये सत्तर पैसे दर तीन महिन्याला कशाचे?"

मी वाचलं. "मेसेजचे. पंधरा रुपये बँकेचे, वरचा कर. खात्यात पैसे आले-गेले की फोनवर मेसेज येतो ना, त्याचे."

"मला येतच नाय."

"एकही?"

"एक बी नाय. खातं काढलं तवा आमच्या मालकांचा नंबर दिला होता. तो फोन विहिरीत पडला. त्याला लय वर्षं झाली." मग त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "तुम्ही लिहिलंय ना, काम केलं की मग कमाई. मेसेज नाय, तर कमाई कशी?"

मी पासबुकाचा फोटो काढून मुलीला पाठवला आणि ताईंचा प्रश्न शब्दशः लिहिला. पाच मिनिटांनी तिचं उत्तर आलं. "बाई, मी आत्ता ऑफिसलाच आहे. बघते."

तिनं फक्त ताईंचं खातं बघितलं नाही. ज्या खात्यांचे मेसेज पोचत नाहीत त्या सगळ्यांची यादी काढली. कुणाचा नंबर बंद पडलेला, कुणी नंबर दिलेलाच नाही, कुणाचा एक आकडा चुकलेला. पैसे मात्र सगळ्यांचे कापले जात होते. यादी तीन कागद भरून निघाली. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. संगणकाला सांगितलं होतं कापायचं, तो कापत होता. मेसेज पोचला का, हे त्याला कुणी विचारायला लावलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मलाही बँकेत बोलावलं. अध्यक्षांच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. अध्यक्षांचं पंचवटीत भांड्यांचं दुकान आहे. माणूस भला, पण सभेत आवाज चढला की त्यांचं ब्लडप्रेशर चढतं. त्यांनी चहा मागवला आणि यादी दोनदा वाचली.

"परत देऊन टाका," शेवटी ते म्हणाले. "ज्यांचे कापले त्या सगळ्यांच्या खात्यात जमा करा. यात दुमत नाही. पण अहवालात कशाला लिहायचं? गुपचूप जमा होतील. उगीच सभेत कुणीतरी माइक धरून बसेल."

मुलगी म्हणाली, "साहेब, ते पैसे आपण कमाईत धरले होते. आता त्यातून वजा होणार. वजा का झाले, ते सांगायला हवं."

"आकड्यात आलं ना? मग झालं."

दोघं माझ्याकडे बघू लागले. मी खरं तर शुद्धलेखनाची बाई, तिथं बोलायचं मला काही कारण नव्हतं. पण तोंडून निघून गेलं. "साहेब, न सांगता पैसे जमा झाले, तर लोकांना वाटेल चुकून आले, आणि ते घाबरून बँकेत विचारायला येतील. सांगून जमा झाले, तर वाटेल आमच्या बँकेनं स्वतः शोधून परत दिले. पैसे तेवढेच जाणार आहेत."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. दुकानात गिऱ्हाईकाशी बोलतात तसा त्यांचा आवाज झाला. "दुकानात एखादा डबा गळका निघाला, तर मी गिऱ्हाईकाला स्वतः फोन करतो. बदलून न्या म्हणतो. ते गिऱ्हाईक मग जन्मात दुसरीकडे जात नाही." चष्मा परत लावून म्हणाले, "लिहा बाई. पण दोन ओळींत. कादंबरी नको."

मी दोन ओळींतच लिहिलं. 'ज्या सभासदांना मेसेज पोचत नव्हते, त्यांच्याकडून घेतलेले शुल्क बँकेची कमाई नव्हते. ते करासह परत दिले आहे.' मुलीनं ते वाचलं आणि काहीच न बदलता प्रेसला पाठवलं. ते पान सत्ताविसावं होतं.

वार्षिक सभा सप्टेंबरातल्या एका रविवारी मंगल कार्यालयात होती. मी याआधी कधी गेले नव्हते. या सभेचं गणित साधं असतं. अहवालाच्या शेवटच्या पानावर भेटवस्तूचं कूपन असतं. लोक कूपन फाडतात, अहवाल खुर्चीखाली ठेवतात, व्यासपीठावरून विषय वाचला जातो, पुढच्या दोन रांगा 'मंजूर, मंजूर' म्हणतात आणि अर्ध्या तासात सगळे जेवायला उठतात. आचाऱ्यानं जिलबीची कढई त्याच अंदाजानं चढवली होती.

मी आणि हे मागच्या बाजूला बसलो. मुलगी व्यासपीठावर अगदी टोकाच्या खुर्चीत होती, मोरपंखी पैठणी नेसून. ताळेबंदाचा विषय आला. पुढच्या रांगेतून 'मंजूर' असा पहिला आवाज आला, तेवढ्यात मधल्या रांगेतून एक हात वर झाला. फुलवाल्या ताई होत्या. त्या माइककडे गेल्या नाहीत, जागेवरूनच बोलल्या. कोपऱ्यावर रिक्षांच्या आवाजात गिऱ्हाईक बोलावणाऱ्या बाईला माइकची काय गरज?

"पान सत्तावीस. मला इचारायचंय."

अख्ख्या हॉलमध्ये पानं उलटल्याचा आवाज झाला. ज्यांनी अहवाल खुर्चीखाली ठेवला होता ते वाकून शोधू लागले. अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला.

"माझे मेसेजचे पैसे परत आले. बँकेनं आपणहून दिले, ते बरं केलं. माझा प्रश्न दुसरा हाय. लॉकरचं उत्पन्न औंदा मागल्या साली परीस कमी दिसतंय. ते लॉकर कमी झाले म्हणून, का इसार वेगळा काढला म्हणून?"

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. हा प्रश्न मलाही सुचला नव्हता. नंतर ताईंनी सांगितलं, अहवाल घरी आल्यावर रात्रीचं जेवण झालं की लेकीकडून त्यांनी ते पान चार वेळा वाचून घेतलं होतं, आणि आकडे स्वतः ताडून बघितले होते.

अध्यक्षांनी व्यवस्थापकांकडे बघितलं, व्यवस्थापकांनी मुलीकडे. ती उठली. माइक तिच्या उंचीला खाली करायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "ताई, मार्चअखेरीला लॉकर तेवढेच होते. एकही कमी झालेला नव्हता. मागच्या वर्षीपर्यंत आम्ही पुढच्या महिन्यांचं भाडंही आधीच कमाईत धरत होतो. त्यामुळे या वर्षातले काही महिने मागच्याच वर्षी मोजून झाले. आणि या वर्षी आलेल्या भाड्यातले पुढचे महिने आम्ही बाजूला ठेवले. दोन्हीकडून कमी झालं, म्हणून या एका वर्षी आकडा लहान दिसतो. पुढच्या वर्षापासून सारखा होईल."

ताईंनी मान डोलावली. "मंग चांगलं हाय. दिसायला कमी, पण खरं." आणि खाली बसल्या.

टाळ्या नीट वाजल्याही नाहीत, तोच दुसरा हात वर झाला. एका शिक्षकांनी विचारलं, कर्जाच्या अर्जाची फी परत का मिळत नाही. मुलीनं सांगितलं, कागद तपासायचं काम झालेलं असतं, म्हणून ती कमाई झालेली असते. मग एका सायखेड्याच्या शेतकऱ्यानं विमा कमिशनचं विचारलं. मग एका आजोबांनी चेकबुकाचं. माइक रांगेरांगेतून फिरू लागला. कुणी भांडत नव्हतं. लोकांना फक्त विचारायचं होतं, आणि उत्तर समजतंय म्हटल्यावर आणखी विचारावंसं वाटत होतं. अध्यक्ष सुरुवातीला रुमालानं कपाळ पुसत होते. चौथ्या-पाचव्या प्रश्नानंतर तेच पुढे वाकून विचारू लागले, "अजून कुणाला काही? मागे कुणी?" आचारी दोनदा दारात येऊन झारा हातात धरून उभा राहिला आणि परत गेला. अर्ध्या तासाची सभा दोन तास चालली. ताळेबंद मंजूर झाला तेव्हा पुढच्या दोन रांगांबरोबर सगळा हॉल 'मंजूर' म्हणाला.

जेवायला बसलो तेव्हा जिलबी गार झाली होती. कुणाचीच तक्रार नव्हती. मुलगी आमच्या टेबलावर येऊन बसली, बोटांना पाक लागलेला, आणि म्हणाली, "बाई, बोलताना मी एकदाही समोर बघितलं नाही." ह्यांनी तिच्या ताटात आणखी दोन जिलब्या वाढल्या आणि सांगितलं की कंडक्टरच्या पहिल्या फेरीला त्यांनीही प्रवाशांकडे बघितलं नव्हतं, फक्त तिकिटांकडे. शेजारच्या टेबलावर दोन गृहस्थ, बँक दुसऱ्यासाठी हमी राहते त्या गॅरंटीचं कमिशन किती महिन्यांत वाटायचं यावर वाद घालत होते, आणि ते मट्ठ्याच्या ग्लासांनी महिने मांडून दाखवत होते.

फुलवाल्या ताई जेवून हात धुऊन आल्या. मुलीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "माझा नवा नंबर लिहून घेता का? आता मेसेज आले तर पंधरा रुपये घ्या. माझी ना नाय."

मुलीनं पर्समधून पेन काढलं आणि कागदी नॅपकिनवर नंबर लिहून घेतला. एकेक आकडा परत म्हणून दाखवला. ताई म्हणाल्या बरोबर, आणि पदराला हात पुसत बसथांब्याकडे निघाल्या, कारण निशिगंध त्याच संध्याकाळी काढायचा होता.